ऑकलंडमधील मराठी मंडळांना खुले पत्र: ज्वालामुखीचा धोका आपल्या घरापासून मोजायचा कसा

प्रति,
ऑकलंडमधील सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणी, मराठी शाळांचे शिक्षक आणि गणेशोत्सव-दिवाळीचे आयोजक

विषय: ऑकलंडच्या ज्वालामुखी क्षेत्रात नवा उद्रेक झाल्यास आपल्या कुटुंबांनी करायची तयारी

सप्रेम नमस्कार.

माउंट ईडन पुन्हा पेटेल का, हा प्रश्न इथे नव्याने आलेले मराठी कुटुंब कधी ना कधी विचारतेच. उत्तर आहे, बहुधा नाही. पण हे उत्तर ऐकून लोक निर्धास्त होतात, आणि निर्धास्त होण्याचे काहीच कारण नाही, म्हणून हे पत्र.

ऑकलंड शहराखाली सुमारे ३६० चौरस किमीचे ज्वालामुखी क्षेत्र पसरले आहे. उत्तरेला टाकापुना, दक्षिणेला वीरी, पश्चिमेला माउंट आल्बर्ट, पूर्वेला हाऊइकच्या आसपासपर्यंत. त्यात आजवर ५३च्या आसपास ज्वालामुखी मोजले गेले आहेत. सर्वात जुना पुपुके, सुमारे १,९३,००० वर्षांपूर्वीचा. सर्वात धाकटा रांगितोतो, जेमतेम ६०० वर्षांपूर्वीचा. त्या वेळी शेजारच्या मोतुतापू बेटावर माणसे राहत होती. राखेत उमटलेले त्यांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे पायठसे तिथे सापडले आहेत. या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक ज्वालामुखी आयुष्यात एकदाच फुटतो आणि कायमचा थंड होतो. पुढचा लाव्हा ७० ते ९० किमी खोलीवरून निघून नवी वाट फोडतो, नव्या जागी. म्हणजे माउंट ईडन, वन ट्री हिल, माउंट रॉस्किल या टेकड्यांवर आपण मुलांना खुशाल न्यावे. नवे तोंड मात्र सँडरिंगहॅममधल्या एखाद्या गल्लीत उघडू शकते, ओताहुहूच्या रेल्वे यार्डात उघडू शकते, किंवा वाइतेमाता बंदराच्या पाण्याखाली. मागचा उद्रेक कुठे झाला यावरून पुढचा कुठे होईल हे सांगता येत नाही. केव्हा होईल हेही नाही. रांगितोतोच्या आधीचा उद्रेक माउंट वेलिंग्टनचा, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. उलट ३०,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास बरेच ज्वालामुखी एकामागून एक फुटले.

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला बेसाल्टची भीती वाटत नाही. आपला कातळही तोच. पण दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचा, आणि ज्या तप्त स्रोताला त्याचे श्रेय दिले जाते तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे आपले चुलाणे कधीच विझले. ऑकलंडचे विझलेले नाही. काळा दगड दोन्हीकडे सारखा दिसतो म्हणून गफलत होते.

आता धोका नेमका कशाचा. चित्रफितींमधला वाहता लाल लाव्हा पाहून लोक त्यालाच घाबरतात, आणि तो बहुतेक वेळा सर्वात कमी जीवघेणा असतो. बेसाल्टचा लाव्हा सखल भाग धरून माणसाच्या चालीने किंवा त्याहून हळू पुढे सरकतो. माणूस बाजूला होऊ शकतो, घर होऊ शकत नाही. थ्री किंग्जच्या ज्वालामुखीचा लाव्हा जुन्या दरीतून वाहत सुमारे १० किमीवर समुद्रात गेला. आज भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा मिओला रीफ हे त्याचे टोक. आजच्या पावसाळी नाल्यांचा आणि सखल रस्त्यांचा नकाशा पाहिला की पुढचा लाव्हा कोणत्या घरांकडे झुकेल याचा साधारण अंदाज येतो, पण तोंड उघडल्यानंतरच.

खरा मारेकरी पाणी आहे. ऑकलंड दोन बंदरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे आणि भूजल उथळ आहे. वर येणारा तप्त शिलारस पाण्याला भिडला की वाफेचे प्रचंड स्फोट होतात. दगडांचे तुकडे, राख आणि वाफ यांची दाट लाट जमिनीलगत सर्व दिशांना धावते, ताशी १०० किमी किंवा त्याहूनही जास्त वेगाने. ती टेकडी पाहत नाही, भिंत पाहत नाही. तोंडापासून पहिल्या काही किलोमीटरांत सापडलेल्याला वाचवणारी कोणतीही वस्तू दुकानात मिळत नाही, एकच उपाय म्हणजे त्या वेळी तिथे नसणे. पुपुके सरोवर, ओराकेई आणि पानमुरेची गोल खोरी या अशाच स्फोटांच्या खुणा. या क्षेत्रातले बहुतेक उद्रेक याच प्रकाराने सुरू झाले. पाणी संपले किंवा शिलारस पाण्यापासून तुटला की मग कारंजी, शंकू आणि लाव्हा.

म्हणून शहराच्या नियोजनात आणि २००८पासून चाललेल्या देव्होरा या संशोधन कार्यक्रमात बाहेर काढण्याचा हिशोब साधारण ५ किमीच्या त्रिज्येने केला जातो. हा आकडा प्रत्येकाने पाठ करावा, आणि त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ५ किमी त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किमी. पण ते झाले तोंड कुठे उघडणार हे नक्की माहीत असेल तर. आधी तसे माहीत नसते. भूकंपांवरून शास्त्रज्ञ सांगतील की शिलारस या २-३ किमीच्या परिसरात कुठेतरी वर येतो आहे. समजा अनिश्चितता अडीच किमीची आहे. मग वर्तुळ साडेसात किमी त्रिज्येचे होते आणि क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस किमी, म्हणजे जवळपास अख्ख्या ज्वालामुखी क्षेत्राच्या निम्मे. तेवढ्या भागातल्या लाखो लोकांना एकाच वेळी निघावे लागेल. आणि केंद्र सरकते. २०११मध्ये स्पेनच्या एल येरो बेटावर भूकंप आधी उत्तरेला सुरू झाले, आठवड्यांमागून आठवडे दक्षिणेकडे सरकत गेले आणि ऑक्टोबरमध्ये उद्रेक झाला तो दक्षिण टोकाजवळ समुद्राखाली. सोमवारी आपले घर वर्तुळाबाहेर होते, म्हणून गुरुवारीही असेल असे धरता येणार नाही.

वेळ किती मिळेल? ऑकलंडसाठी काही दिवस ते काही आठवडे हा अंदाज वापरला जातो. ला पाल्मा बेटावर २०२१मध्ये भूकंपांची मालिका ११ सप्टेंबरला सुरू झाली आणि १९ सप्टेंबरला जमीन फाटली. ८ दिवस. त्यानंतर ८५ दिवस उद्रेक चालला, सुमारे ७,००० लोक घराबाहेर काढले गेले आणि सुमारे ३,००० इमारती गेल्या. जमीन फाटली तेव्हा तिथल्या इशाऱ्याचा रंग अजून पिवळाच होता. लाल नंतर झाला.

हा मुद्दा न्यूझीलंडमध्ये अधिकच महत्त्वाचा, कारण इथली ज्वालामुखी इशारा पातळी भाकीत करत नाही. ० ते ५ या पातळ्या आत्ता काय चालले आहे एवढेच सांगतात. ० म्हणजे शांत. १ म्हणजे किरकोळ अस्वस्थता. २ म्हणजे मध्यम ते वाढलेली अस्वस्थता. ३, ४ आणि ५ म्हणजे उद्रेक चालू आहे, छोटा, मध्यम किंवा मोठा. ९ डिसेंबर २०१९ला व्हाकारी बेटावर २२ जणांचा बळी घेणारा स्फोट झाला तेव्हा पातळी २ होती. तेव्हा "अजून दोनच आहे, तीन झाल्यावर निघू" असे म्हणणारा माणूस, तोंड आपल्या गल्लीत उघडल्यावर निघू असे म्हणत असतो. ऑकलंडमध्ये घरे सोडण्याचा आदेश १ किंवा २ पातळीवरच येईल, तसा तो आलाच पाहिजे. पातळीचा आकडा बाजूला ठेवा आणि आदेशात आपल्या उपनगराचे नाव आहे का ते पाहा. सर्व मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हे एक वाक्य कायमचे पिन करून ठेवावे, असे आम्हाला वाटते.

फोनवर येणारा आपत्कालीन इशारा मोबाइल टॉवरवरून प्रसारित होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण तो इंग्रजीत येतो, आणि भारतातून आणलेल्या जुन्या फोनवर येईलच याची खात्री नाही. शिवाय इशारा उशिरा येऊ शकतो. २७ जानेवारी २०२३च्या पुरात आणीबाणी जाहीर होईपर्यंत रात्रीचे दहा वाजत आले होते, तोवर कित्येक घरांत पाणी शिरले होते. ज्वालामुखी पावसाइतका घाईत येत नाही, हे खरे. तरी एका वाहिनीवर विसंबू नये. बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात हवा, आणि जिओनेट या इथल्या भूकंप-ज्वालामुखी निरीक्षण सेवेचे अ‍ॅप फोनवर हवे. अ‍ॅपवर एखादा सुटा भूकंप दिसला म्हणून गटात "आला, आला" करण्याची गरज नाही. तज्ज्ञांचे कान टवकारतात ते कवचाच्या तळाशी, ३० किमीच्या आसपास भूकंपांचा पुंजका दिसला आणि तो उथळ होत गेला तर. ते ओळखणे आपले काम नव्हे.

आता आमच्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट: जायचे कुठे. सामानाच्या पिशवीवर लोक महिनाभर चर्चा करतात, ठिकाणावर पाच मिनिटेही नाही. आमची सूचना अशी की प्रत्येक कुटुंबाने दोन जोडघरे, म्हणजे घर सोडावे लागल्यास आसरा देणारी दुसऱ्या कुटुंबांची घरे, ठरवावीत. हिशोब भूमितीचा आहे. आपले घर आणि जोडघर यांच्यातले सरळ अंतर वर्तुळाच्या व्यासापेक्षा जास्त असेल तर एकच वर्तुळ दोन्ही घरे गिळू शकत नाही. ५ किमी त्रिज्येला १० किमी, साडेसात किमी त्रिज्येला १५. म्हणून अंतर किमान १५ किमी धरा. सँडरिंगहॅममधल्या कुटुंबाने माउंट रॉस्किलमधल्या आतेभावाकडे जायचे ठरवले तर ते फुकट, कारण अंतर दोन-तीन किमी. पापाटोएटोए आणि फ्लॅट बुश ही जोडीही तशीच निरुपयोगी. सँडरिंगहॅम आणि फ्लॅट बुश यांच्यात साधारण १८ किमी आहेत, माउंट रॉस्किल आणि अल्बनी यांच्यात साधारण २०. आकडा चांगला, पण पुरेसा नाही, कारण मध्ये रस्ता आहे. ओताहुहूपाशी दोन बंदरांमधली जमीन जेमतेम सव्वा किमी रुंद आहे आणि दक्षिणेकडचा मुख्य महामार्ग तिथून जातो. वर्तुळ तिथे पडले तर सँडरिंगहॅमहून फ्लॅट बुशला जाता येणार नाही. म्हणून एक जोडघर उत्तरेला किंवा पश्चिमेला आणि दुसरे दक्षिणेला. अल्बनी, हेंडरसन आणि पापाकुरा ही ज्ञात क्षेत्राबाहेरची ठिकाणे आहेत, तिथल्या मराठी कुटुंबांवर यजमानपणाचा भार जास्त पडेल, हे त्यांना आधीच विचारून घ्यावे.

रस्ते मोजकेच आहेत. हार्बर ब्रिजवरून उत्तरेला एक नंबरचा महामार्ग, वायव्येला सोळा, नैऋत्येला वीस, दक्षिणेला पुन्हा एक. जोराच्या वाऱ्यात ब्रिजच्या मार्गिका बंद होतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुलावर अडकण्याऐवजी सोळा आणि अठरा नंबरने वळसा घालून नॉर्थ शोअर गाठता येते, तो रस्ता एकदा रविवारी गाडीने जाऊन पाहावा. २००८च्या 'रुआउमोको' या राष्ट्रीय सरावात कल्पित उद्रेक मांगेरेजवळ मानुकाउ बंदरात घडवला होता. तसे खरेच झाले तर विमानतळ, वीस नंबरचा महामार्ग आणि मांगेरेचे सांडपाणी केंद्र एकदमच गेले. तेव्हा "तिकीट काढून भारतात निघून जाऊ" ही योजना योजना म्हणून धरू नका. विमाने राखेत उडत नाहीत. १९९६मध्ये रुआपेहूच्या राखेने ऑकलंडचा विमानतळ बंद पडला होता, आणि रुआपेहू इथून शेकडो किमी दूर आहे.

निघताना गाडीची टाकी अर्धी तरी भरलेली असावी, हा नियम नेहमीसाठी. एका कुटुंबाच्या दोन गाड्या असतील तर एकच काढा. तिच्यातल्या रिकाम्या जागा शेजारच्या विद्यार्थ्यांना द्या. शहराच्या मध्यभागी अपार्टमेंटमध्ये राहणारे बरेच मराठी विद्यार्थी बिनगाडीचे आहेत आणि त्यांना सर्वात आधी निघायला हवे, कारण बसगाड्या आणि लोकल दुसऱ्या दिवशीही वेळेवर धावतील असे धरता येत नाही. (अल्बर्ट पार्कच्या बागेखालीही जुना ज्वालामुखी आहे, हे तिथे अभ्यासाला बसणाऱ्यांना सहसा माहीत नसते.) ज्या घरात हिंडता-फिरता न येणारे माणूस आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी आदेशाची वाट न पाहता पहिल्या सूचनेलाच हलावे. ऑकलंड सिटी हॉस्पिटल ग्राफ्टनला, डोमेन उद्यानातल्या जुन्या विवरालगत आहे. वर्तुळ तिकडे पडले तर रुग्णालयालाच स्थलांतर करावे लागेल. उपचार कोणत्या दुसऱ्या केंद्रात होतील हे आपल्या डॉक्टरांना शांततेच्या काळातच विचारून ठेवा.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, सासू-सासरे हा आमच्या चिंतेचा मोठा भाग. दिवसा मुले कामावर, नातवंडे शाळेत, आणि घरात हे दोघे. इथला सिम कधी असतो, कधी नसतो. त्यांच्याजवळ एक कागद हवा, मोठ्या अक्षरांत: इथला पत्ता इंग्रजीत, १११ हा आपत्कालीन क्रमांक, मुलाचा आणि सुनेचा नंबर, एका मराठी शेजाऱ्याचा नंबर, औषधांची इंग्रजी नावे आणि मात्रा, दोन्ही जोडघरांचे पत्ते. पासपोर्टची प्रत त्यालाच जोडा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या वेगळ्या पिशवीत. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात ज्वालामुखी आणि सक्तीचे स्थलांतर यांचा उल्लेख आहे का, हे पॉलिसी उघडून पाहावे. शाळेतल्या मुलांबाबत एकच: शाळा मुलांना कोणत्या ठिकाणी हलवणार आणि कोणाच्या ताब्यात देणार हे शाळेकडून आधीच समजून घ्या आणि उचलण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत जोडघरातल्या एकाचे नाव घाला. नाहीतर सगळे पालक वर्तुळाच्या आत शिरतात आणि बाहेर पडणाऱ्यांचा रस्ता अडवतात.

इथवर वर्तुळाच्या आतले. बाहेरच्यांसाठी, म्हणजे बहुसंख्यांसाठी, प्रश्न राखेचा आहे, आणि इथे सूचना नेमकी उलटी होते. वर्तुळाच्या आत: बाहेर पडा. राख पडत असेल आणि तुम्ही वर्तुळाबाहेर असाल: घरात राहा. या दोन सूचना एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. कुणी राख पाहून गाडी काढतो आणि निसरड्या रस्त्यावर अडकतो, कुणी आदेश येऊनही दारे-खिडक्या लावून बसतो. राख ऑकलंडच्याच ज्वालामुखीची असायला हवी असेही नाही. तारानाकी, रुआपेहू, ताउपो, ओकाताइना यांची राख वाऱ्यावर इथवर येऊ शकते. तिचे थर इथल्या जुन्या विवर-सरोवरांच्या गाळात सापडले आहेत. स्थानिक उद्रेकापेक्षा याच राखेशी आपली गाठ पडण्याची शक्यता जास्त आहे.

ज्वालामुखीची राख लाकडाच्या राखेसारखी नसते. ती काचेची आणि खनिजांची कुटलेली भुकटी असते. विरघळत नाही, खरवडते, आणि ओली झाली की वीज वाहून नेते. म्हणून काही मिलिमीटर ओल्या राखेने विजेच्या तारांवरची इन्सुलेटरे ठिणग्या टाकतात आणि वीज जाते. एक मिलिमीटरने रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसेनासे होतात आणि ब्रेक धरत नाहीत. आता वजन पाहा. ओली राख घनमीटरला १,००० ते २,००० किलो भरते. म्हणजे १ सेंमी थर चौरस मीटरला १० ते २० किलो. १५० चौरस मीटरच्या छपरावर दीड ते तीन टन. एवढ्याने छप्पर सहसा कोसळत नाही, पण पन्हळ भरून तुटते आणि पाणी आढ्यात शिरते. थर १० सेंमी झाला तर चौरस मीटरला १०० ते २०० किलो, आणि मग छपराचीही शाश्वती नाही. म्हणून थर जाड होण्याआधी, राख थांबलेली असताना मधल्या वेळात काढा. पाण्याचा पाइप लावून धुऊ नका, आधी हलकेच शिंपडा आणि मग लाकडी फावड्याने किंवा झाडूने ओढा. धुतलेली राख पावसाळी गटारात जाऊन सिमेंटसारखी घट्ट बसते आणि पुढच्या पावसात रस्ताच तुंबतो. पिशव्या अर्ध्याच भरा, पूर्ण भरलेली उचलता येत नाही. छपरावर एकट्याने चढू नका. राखेच्या घटनांत शिडीवरून पडून होणाऱ्या दुखापतींकडे लोक फार दुर्लक्ष करतात.

राख येण्याआधी करायची कामे मोजकी आहेत. हीट पंप बंद करा आणि बाहेरच्या युनिटवर चादर बांधा. दारांच्या फटींना ओले टॉवेल. वाहनांवर आच्छादन, आणि काचेवर राख असताना वायपर कोरडा फिरवू नका, काच कायमची ओरखडते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा. बाहेर जायचेच असेल तर पी-२ किंवा एन-९५ मास्क, नाकावर नीट दाबून. ओला रुमाल ही नाइलाजाची सोय, तो बारीक कण अडवत नाही. लहान मुलांना मोठ्यांचे मास्क बसत नाहीत, त्यांना घरातच ठेवा. पश्चिमेच्या वाइटाकेरे भागात, कुमेउ-क्लीव्हडनकडे ज्यांचे घर छपरावरून टाकीत येणाऱ्या पाण्यावर चालते, त्यांनी पहिल्या सूचनेलाच टाकीचा पाइप सोडवावा. एकदा राख टाकीत गेली की पाणी आंबट होते, धातू उतरतात आणि गाळ बसतो. ती टाकी साफ होईपर्यंत पिण्याला बाद.

पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, किमान ३ दिवस. चार माणसांना ३६ लिटर. आठवड्याचे धरले तर ८४. हा आकडा पिण्याचा आणि जुजबी वापराचा आहे, आपल्या स्वयंपाकाचा नाही. कुकरला वरण-भात लावला की पाणीही जाते आणि गॅसही. म्हणून साठा ठेवायचा तो पाण्यावाचून, शेगडीवाचून खाता येण्यासारखा: चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की, तहान न वाढवणारे कोरडे लाडू, डब्यातले राजमा-छोले. लोणचे-पापड ठेवू नका, मीठ तहान वाढवते. इथल्या बऱ्याच घरांत गरम पाण्याचा मोठा सिलिंडर असतो, साधारण १८० लिटरचा. तो पिण्याचा छुपा साठा आहे. वीज बंद करा, आत येणारा नळ बंद करा म्हणजे बाहेरचे गढूळ पाणी शिरणार नाही, निवू द्या आणि खालच्या नळीने काढा. ज्यांच्याकडे भिंतीवरचा तत्काळ तापवणारा गॅस हीटर आहे त्यांच्याकडे असा साठा नसतो, त्यांनी वेगळे कॅन भरावेत. बार्बेक्यूची शेगडी घरात किंवा बंद गॅरेजमध्ये पेटवू नका. दारे राखेसाठी बंद असताना कार्बन मोनॉक्साइड कुणाला न कळता जमतो.

विम्याबद्दल थोडक्यात, कारण इथे गैरसमज भरपूर आहेत. घरावर आगीचे संरक्षण असलेला खाजगी विमा असला की ज्वालामुखीच्या नुकसानीला नॅचरल हॅझर्ड्स कमिशनचे सरकारी संरक्षण आपोआप लागते. प्रत्येक राहत्या घरामागे जास्तीत जास्त ३ लाख न्यूझीलंड डॉलर अधिक जीएसटी. त्यावरचे खाजगी कंपनीकडे. जमिनीचे संरक्षण घरापासून ८ मीटरपर्यंत आणि येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला ६० मीटरपर्यंतच, अख्ख्या प्लॉटला नाही. घरातल्या सामानाला आणि गाडीला सरकारी संरक्षण नाही. भाड्याने राहणाऱ्यांना वाटते की विमा घरमालकाचा आहे. मालकाचा विमा तुमचे दागिने, फ्रिज आणि लॅपटॉप भरून देत नाही. आणि अस्वस्थता सुरू झाल्याची बातमी आली की कंपन्या नव्या पॉलिसी देणे थांबवतात, भूकंपांनंतर हे इथे झालेले आहे. बाहेर काढल्यावर पर्यायी निवासाचे किती पैसे आणि किती आठवडे मिळतील, ही एक ओळ आजच वाचून घ्या. ला पाल्माचे ८५ दिवस डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

मंडळांकडून आमची अपेक्षा सरकारचे काम अंगावर घेण्याची नाही. आपण सायरन लावू शकत नाही, निवारा केंद्र चालवू शकत नाही, आणि तसा आव आणणे घातकही आहे. हॉलमध्ये दोनशे माणसे ठेवायची म्हटले तर शौचालये किती, पाणी किती, आणि हॉल वर्तुळाबाहेर आहे का, या तीन प्रश्नांतच बेत संपतो. पण माणसे कोण कुठे आहेत हे मंडळांइतके कुणालाच माहीत नाही. गणेशोत्सवाचा नोंदणी अर्ज दरवर्षी भरला जातोच. त्यात पुढचे रकाने वाढवा: उपनगर, गाड्यांची संख्या, घरात आलेले पालक कोणत्या महिन्यापर्यंत आहेत, हलवायला मदत लागणारे कोणी आहे का, जोडघर एक, जोडघर दोन. ज्यांची जोडघराची जागा रिकामी राहील त्यांना अल्बनी, हेंडरसन किंवा पापाकुराकडच्या कुटुंबाशी गाठ घालून देणे एवढेच कार्यकारिणीचे काम. यादी दोघांकडेच असावी, एक उत्तरेला राहणारा आणि एक दक्षिणेला, आणि कागदावरही असावी, कारण वीज गेल्यावर क्लाउडमधली यादी उघडत नाही. २०२०च्या खाजगीपणाच्या कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतो ते अर्जावर लिहा, दुसऱ्या कामाला वापरू नका, आणि वर्षाने नवी यादी झाली की जुनी फाडून टाका.

या वर्षीच्या अर्जाचा मसुदा तयार करताना कुणाला उपनगरांमधली अंतरे तपासून हवी असतील, राखेवरचे एक पानी मराठी पत्रक हवे असेल किंवा मराठी शाळेतल्या मुलांसाठी तासभराचे सत्र हवे असेल, तर आम्ही विनामूल्य येऊ. रविवार सोयीचा.

आपले नम्र,
ऑकलंडमध्ये भूविज्ञान, नगर अभियांत्रिकी आणि आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांत काम करणारे काही मराठी रहिवासी